एकाच सिनेमावरून घरात चार मते

प्रश्न : आम्ही कॅनडात, टोरांटोजवळ मिसिसागाला राहतो. मुलगी बारा वर्षांची असून सातवीत आहे. सासूबाई नाशिकहून सहा महिन्यांसाठी आल्या आहेत. गेल्या महिन्यात आम्ही चौघांनी मिळून घरी ‘टर्निंग रेड’ हा अ‍ॅनिमेशनपट पाहिला. मुलीला तो इतका आवडला की नंतर तिने तो आणखी तीनदा पाहिला. सासूबाई मध्येच उठून गेल्या. मुलांच्या सिनेमात पाळीचा विषय आणि आईशी धडधडीत खोटे बोलणारी नायिका त्यांना मुळीच रुचली नाही. नवऱ्याच्या मते सिनेमा म्हणजे नुसता आरडाओरडा आहे आणि अशी आई कुठे नसते. मला शेवटी रडू आवरले नाही, पण रागही आला, कारण सगळे खापर आईच्या डोक्यावर फोडले आहे असे वाटले. मुलगी जाते त्या शनिवारच्या मराठी शाळेतल्या पालकांतही असेच तट पडले आहेत. आता नवरा म्हणतो की तिला तो पुन्हा पाहू देऊ नकोस. मुलगी मला येता-जाता ‘तू अगदी मिंग आहेस’ (मिंग म्हणजे त्या सिनेमातली आई) असे ऐकवते. (दोन आठवड्यांपूर्वी तिने वर्गातल्या एका मुलाला पाठवलेले संदेश मला तिच्या टॅबवर दिसले आणि मी त्या मुलाच्या आईला फोन केला, तेव्हापासून ती जास्तच चिडली आहे.) आमच्यात बरोबर कोणाचे? आणि हा सिनेमा घरात बंद करावा का?

— एक आई, मिसिसागा

उत्तर : सस्नेह नमस्कार.

तुमचे पत्र वाचताना मला गंमत वाटली ती याची, की हा सिनेमा आला तेव्हा त्याच्याबद्दल जे जे बोलले गेले, ते जवळजवळ सगळे तुमच्या एका कोचावर बोलून झाले आहे. पिक्सार या अ‍ॅनिमेशन कंपनीचा हा चित्रपट ११ मार्च २०२२ रोजी अमेरिका-कॅनडात चित्रपटगृहांत न लागता थेट डिस्नीच्या घरबसल्या पाहण्याच्या सेवेवर आला. बहुतेक समीक्षकांनी त्याचे कौतुक केले, बऱ्याच पालकांनी तो डोक्यावर घेतला आणि बऱ्याच पालकांनी नाके मुरडली : पाळीचा उल्लेख, मुलांकडे पाहून पाघळणाऱ्या मुली, आईला उलट बोलणे, घरी न सांगता पैसे जमवणे. एका समीक्षकाने तर हा सिनेमा टोरांटोतल्या आशियाई वस्तीपुरता आणि दिग्दर्शिकेच्या आप्तमैत्रिणींपुरताच आहे अशा अर्थाचे लिहिले. त्यावर इतका गदारोळ झाला की ते परीक्षण मागे घेऊन दिलगिरी व्यक्त करावी लागली. तुमच्या यजमानांनी ‘अशी आई कुठे नसते’ म्हणून जे मोडीत काढले, ते फार वेगळे नाही. फरक इतकाच की त्यांच्याकडून दिलगिरी मागायला कोणी आले नाही.

तो चित्रपटगृहात आधी लागला असता तर तुमच्या घरातला वाद निराळा झाला असता, असे मला वाटते. तिकीट काढून बसलेला माणूस सहसा अर्ध्यातून उठत नाही. घरी मात्र चहा टाकायचे निमित्त पुरते. सासूबाई उठून गेल्या ही गोष्ट मला म्हणूनच महत्त्वाची वाटते. त्याकडे पुढे येतेच.

ज्या वाचकांनी सिनेमा पाहिलेला नाही त्यांच्यासाठी चार ओळी. साल २००२, गाव टोरांटो. मेई ली ही तेरा वर्षांची, अभ्यासात हुशार, आईच्या शब्दाबाहेर न जाणारी मुलगी. तिचे घराणे पूर्वजांचे एक देऊळ सांभाळते. आई मिंग करारी, प्रेमळ आणि मुलीच्या प्रत्येक गोष्टीत शिरणारी. एके सकाळी मेई जागी होते तेव्हा ती एक भलामोठा लाल पांडा झालेली असते. भावना अनावर झाल्या की ती पांडा होते, शांत झाली की पुन्हा मुलगी. हा घराण्यातला जुना वारसा आहे, तो वयात आलेल्या प्रत्येक मुलीला मिळतो, आणि लाल चंद्राच्या रात्री विधी करून तो कायमचा दागिन्यात कोंडून टाकायचा अशी त्या घरची रीत आहे. पण मेईला आणि तिच्या तीन मैत्रिणींना ‘फोर टाउन’ नावाच्या गायक-मुलांच्या जलशाला जायचे असते, तिकीट दोनशे डॉलर असते, आणि मिंगने नकार दिलेला असतो. तेव्हा मुली शाळेत पांडा दाखवून गुपचूप पैसे जमवतात. पुढे विधी आणि जलसा एकाच रात्री येतात.

दिग्दर्शिका डॉमी शी चीनमध्ये चोंगचिंगला जन्मली आणि अगदी लहानपणी टोरांटोला आली. ॲनिमेशन ती तुमच्या शेजारच्या ओकव्हिलच्या शेरिडन कॉलेजात शिकली. पिक्सारचा पूर्ण लांबीचा चित्रपट एकटीने दिग्दर्शित करणारी ती पहिलीच स्त्री. त्याआधीच्या तिच्या ‘बाओ’ या लघुपटाला ऑस्कर मिळाले होते, आणि त्यातही आईची मायाच होती, इतकी की ती लेकराचाच घास करून गिळायला निघते. मेईच्या मैत्रिणींपैकी प्रिया भारतीय वळणाची आहे आणि तिला आवाज देणारी मैत्रेयी रामकृष्णन तुमच्याच मिसिसागाची आहे. आपल्या मुलीने हा सिनेमा चार वेळा का पाहिला, याचे निम्मे उत्तर मला इथेच सापडते. सिनेमात आपले गाव दिसणे, आपल्यासारख्या दिसणाऱ्या मुलीला त्या गावात मैत्रिणी असणे, हे तिच्या पिढीलाही अजून रोज मिळत नाही. उरलेले निम्मे उत्तर तिच्या वयात आहे, आणि ते तिला कोणी समजावून सांगायची गरज नाही.

आता सासूबाई. तुम्ही त्यांच्या दोन तक्रारी एकाच वाक्यात बांधल्या आहेत. त्या मला सोडवाव्याशा वाटतात, कारण पहिली मला पटत नाही आणि दुसरी बरीचशी पटते.

पाळीबद्दल बोलायचे तर, त्या सिनेमात मेईला पाळी आलेलीच नाही, हे किती जणांच्या लक्षात राहिले कोण जाणे. न्हाणीघराच्या दाराआड पांडा होऊन बसलेली मेई रडते, दाराबाहेरून आईचा गैरसमज होतो, आणि ती विचारते की लाल पिओनीचे फूल उमलले का. मग ती पॅडची खोकी, गरम पाण्याची पिशवी, गोळ्या असे सगळे हातात घेऊन धावत येते. प्रसंग विनोदी आहे, पण त्या फुलाच्या भाषेशी सासूबाईंचे काही नाते आहे, ते मी त्यांच्या जागी असते तर पटकन ओळखले असते. आपल्याकडे ‘कावळा शिवला’ म्हणत. एका घरी फूल, दुसऱ्या घरी कावळा, एवढेच काय ते अंतर. सरळ शब्द कोणीच उच्चारला नाही. आणि आपल्या पणज्यांच्या काळी मुलीला न्हाण आले म्हणजे तिला मखरात बसवून ओटी भरत, गाणी म्हणत, आळीतल्या बायका जमत. त्या चालीतले सगळेच आपल्याला आज मानवणारे नाही, कारण ती मखरातली मुलगी बहुधा लग्न झालेली, तुमच्या लेकीच्याच वयाची पोर असे. तरी ‘हा विषय चारचौघांत काढायचाच नाही’ ही रीत आपण समजतो तितकी जुनी नाही, हे त्यावरून दिसते. बारा वर्षांच्या मुलीच्या घरात हा विषय सिनेमाने काढला काय किंवा तुम्ही काढला काय, त्याची वेळ झालेलीच आहे.

खोटे बोलण्याची तक्रार मात्र हसून सोडून देण्यासारखी नाही. मेई आईला सांगते की शाळेत गणित-स्पर्धेच्या सरावाला थांबते, आणि प्रत्यक्षात पैसे मिळवत असते. सिनेमा या लबाडीचा आनंद भरपूर घेतो. ती सगळी दृश्ये नाचत-गात येतात आणि पाहणारी मुलगी त्यांत नाहून निघते. पण पुढे जे होते ते सासूबाईंनी पाहिले नाही, कारण त्या तोवर आत गेल्या असाव्यात. सगळे उघडकीला येते तेव्हा मिंग मैत्रिणींवर तुटून पडते, तुम्हीच माझ्या मुलीला बिघडवलेत म्हणते, आणि सगळे स्वतःच्या डोक्यातून निघालेले असूनही मेई खाली मान घालून गप्प उभी राहते. मैत्रिणी तिच्याकडे पाहत राहतात. आईपुढे चांगले राहण्यासाठी तिने त्यांना वाऱ्यावर सोडले आहे. सबंध चित्रपटात तिच्या हातून घडलेले सर्वांत वाईट कृत्य कोणते, असे मला कोणी विचारले तर मी त्या खोटेपणाकडे बोट दाखवणार नाही, या गप्प बसण्याकडे दाखवीन. आणि ते ती उनाड झाली म्हणून घडत नाही. ती अजून आईची ‘शहाणी मुलगी’ राहू पाहते म्हणून घडते. सासूबाईंशी बोलायचे असेल तर या प्रसंगावर बोला. त्यांना जे मूल्य जपायचे आहे ते इथे आहे.

शिवाय त्या उठून गेल्यामुळे त्यांची स्वतःची भूमिका पाहायची राहून गेली असण्याचा संभव आहे. चित्रपट बराच पुढे गेल्यावर मेईची आजी, वू, आपल्या गोतावळ्यासह दाखल होते. ताठ, मोजके बोलणारी, आणि भुवईवर जुना व्रण असलेली बाई. तो व्रण कसा आला हे कळते तेव्हा सिनेमा आई-मुलीचा राहत नाही, आजी-आई-नातीचा होतो. तरुणपणी मिंगचे आईशी जोराचे भांडण झाले होते, तिच्यातला पांडा मेईच्या पांड्यापेक्षा कितीतरी मोठा होता, आणि त्या भरात तिच्याच हातून आईला ती जखम झाली होती. नाशिकहून आलेली आजी, मिसिसागाची आई आणि इथेच वाढणारी नात असे तुमच्या घरात तीन कोन आहेत, आणि त्यांतला एक कोन मध्यंतरापूर्वीच उठून गेला!

यजमानांविषयी मी थोडक्यात लिहिते, कारण त्यांचे म्हणणेही थोडक्यातच आहे. आरडाओरडा आहे हे खरे. शेवटी मिंगचा इमारतीएवढा पांडा जलसा चालू असलेल्या स्कायडोम या स्टेडियमचे छत उचकटून आत येतो तो भाग मलाही लांबलेला वाटला. तिथे जपानी राक्षसपटांची हौस भागवून घेतली आहे, आणि घरातले नाजूक भांडण तेवढा वेळ धुरळ्यात दिसेनासे होते. पण त्यांनी मेईच्या वडिलांकडे नीट पाहिले का? जिन सबंध सिनेमात फारसा बोलत नाही, स्वयंपाक करतो, बायकोच्या सावलीत वावरतो. विधीच्या आधी त्याच्या हाती लेकीचा कॅमेरा लागतो आणि त्यात त्याला मैत्रिणींसोबत खिदळणारी, पांडा होऊन नाचणारी मेई दिसते. मग तो तिला एवढेच सांगतो की माणसात नाना बाजू असतात, काही अस्ताव्यस्तही असतात, त्या ढकलून देण्यापेक्षा त्यांना जागा करून द्यावी. बंदीचा निर्णय सुनावण्याआधी तुमच्या यजमानांनी ती दोन मिनिटे पाहावीत. आणि चार वेळा पाहून झालेल्या सिनेमावर आता बंदी घालणे म्हणजे वरातीमागून घोडे. त्याने मुलीला एवढेच कळेल की या घरात सिनेमाला भितात. अमेरिकेत या चित्रपटाला पीजी प्रमाणपत्र आहे, म्हणजे पालकांनी मार्गदर्शन करावे एवढीच अपेक्षा. ती तुम्ही पहिल्याच दिवशी पुरी केलीत.

आणि आता तुम्ही. तुमच्या पत्रातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट तुम्ही कंसात लिहिली आहे.

तुम्हाला ‘मिंग’ ही शिवी सिनेमामुळे मिळाली असे तुम्ही धरून चालला आहात. मला तसे वाटत नाही. सिनेमाच्या सुरुवातीचा प्रसंग आठवा. मेईने वहीत कोपऱ्यावरच्या दुकानात काम करणाऱ्या डेव्हन नावाच्या मुलाची चित्रे काढलेली असतात, स्वतःसाठी, पलंगाखाली लपून. ती वही मिंगला सापडते. ती मुलीला गाडीत घालून थेट त्या दुकानात नेते, त्या सतरा वर्षांच्या पोराला फैलावर घेते, ती चित्रे त्याच्यापुढे आणि दुकानातल्या गिऱ्हाइकांपुढे धरते. मेईच्या वर्गातला एक मुलगा तिथे उभा राहून खो-खो हसतो. मिंगच्या मनात रतिभरही वाईट नसते. मुलीला कोणी फसवते आहे अशी तिची प्रामाणिक समजूत असते. त्या रात्री मेई स्वतःलाच दोष देते, आपण घाणेरड्या आहोत म्हणते, आणि पांडा उगवतो तो दुसऱ्या दिवशी सकाळी. पाळीवरून एवढा वाद झाला, पण कथेत पांडा येतो तो या अपमानाच्या पाठोपाठ. तुमच्या मुलीने हा सिनेमा चार वेळा पाहिला आहे. दुकानातला तो प्रसंग आणि तुमचा तो फोन यांतले साम्य तिला कोणी दाखवून द्यायला हवे होते असे तुम्हाला वाटते का?

मी तुम्हाला दोष देण्यासाठी हे लिहीत नाही. बारा वर्षांच्या मुलीच्या टॅबवर आईची नजर असू नये असे माझे मत नाही. असावी, पण ती आहे हे मुलीला आधीपासून ठाऊक असावे. आणि वाचणे वेगळे, वाचलेले तिसऱ्या घरी नेणे वेगळे. त्या संदेशांत काही धोक्याचे असते तर तुम्ही पत्रात तेच आधी लिहिले असते, म्हणून मी असे धरते की तिथे त्या वयाचा साधा गोडवा होता. तेव्हा ‘मी काय मिंग आहे का?’ असा वाद घालत बसू नका. त्या वादात तुम्ही हराल, कारण तिच्यापाशी पुरावा आहे. तिला सांगा की तुझे संदेश मी वाचले आणि त्याहून वाईट म्हणजे न विचारता दुसऱ्याच्या घरी फोन केला, तो करायला नको होता. एवढेच बोलून थांबा. ‘पण तूसुद्धा’ हे पुढचे वाक्य जिभेवर येईल, ते गिळा. ती लगेच विरघळणार नाही. खांदे उडवून खोलीत निघून जाईल. जाऊ द्या.

सगळे खापर आईवर फोडले आहे, या तुमच्या रागाबद्दल मात्र मला तुमच्याशी थोडे भांडायचे आहे. त्या घराण्यात पांडा आला कुठून? युद्धाच्या काळात घरातले पुरुष दूर गेलेले असताना सुन यी या पूर्वजेने देवांजवळ सामर्थ्य मागितले ते आपल्या मुलींच्या रक्षणासाठी. म्हणजे ज्या पांड्याची लाज वाटून तो पुढे दागिन्यांत कोंडला गेला, तो मुळात एका आईच्या मायेतून जन्मलेला आहे. आणि शेवटाकडे, विधीच्या वेळी दिसणाऱ्या बांबूच्या वनात मेईला एक रडणारी मुलगी भेटते, जवळपास तिच्याच वयाची. ती मिंग असते. आईला आपण कधीच पुरे पडत नाही, म्हणून रडणारी. मेई तिचा हात धरून तिला चालवत नेते आणि चालता चालता मिंग मोठी होत जाते. तुम्हाला रडू आले ते इथेच ना? मला तरी आले. ज्या सिनेमाला आईला आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करायचे असते, तो तिला असा मुलीच्या हाताला धरून घरी आणत नाही. शेवटी मेई आपला पांडा ठेवून घेते, मिंग आपला पुन्हा कोंडते. दोघी एकमेकींसारख्या होत नाहीत, आणि तू जितकी लांब जाशील तितका मला अभिमान वाटेल अशा अर्थाचे काहीतरी मिंग बोलते तेव्हा तिचा चेहरा पाहा, तो मुळीच निश्चिंत नाही.

तेव्हा बरोबर कोणाचे, या प्रश्नाला मी बगल देणार नाही : सिनेमाबद्दल मी तुमच्या मुलीच्या बाजूने आहे, खोटेपणाबद्दल बऱ्याच अंशी सासूबाईंच्या, स्टेडियमबद्दल तुमच्या यजमानांच्या, आणि रडण्याबद्दल तुमच्या. मराठी शाळेतल्या पालकांना त्यांचे वाद घालू द्या. तिथे तुमच्या मुलीचे उदाहरण देऊ नका, नाहीतर ती पुन्हा दुकानातल्या गिऱ्हाइकांपुढे उभी केल्यासारखी होईल.

चौघांनी पुन्हा एकत्र बसण्याचा घाट घालू नका. सासूबाईंना एखाद्या दुपारी, मुलगी शाळेत असताना, राहिलेला भाग दाखवा, आजीच्या येण्यापासून पुढचा. काही बोलल्याच तर त्यांच्या आईने त्यांना या गोष्टी कशा सांगितल्या होत्या, की सांगितल्याच नव्हत्या, ते विचारा. त्या परत नाशिकला जाण्याआधी ती हकीकत तुमच्या मुलीच्या कानावर पडली तर मला आनंद होईल, पण ती सासूबाईंनी स्वतः सांगितली पाहिजे; तुम्ही मध्यस्थी करू नका.

आणि त्या मुलाच्या आईला पुन्हा फोन करून झाले-गेले निस्तरावे, असा विचार बहुधा तुमच्या मनात आता घोळू लागला असेल. आधी मुलीला विचारा. ती नको म्हणाली तर करू नका.